एक ते दोनच्या दरम्यान

काट्याच्या डाव्या पारड्यात त्याने दोनशे ग्रॅमचं प्रमाण वजन चिमट्याने ठेवलं, उजव्यात दुकानाचं ठेवलं, काटा डुलून मध्यावर यायची वाट बघत मान वर केली, आणि दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात त्याला आपली बायको जेवताना दिसली.

पहिल्यांदा ती बायको आहे हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. डोक्याला करडा रुमाल गच्च बांधलेली, एकही केस बाहेर न डोकावणारी कुणी बाई तिरकी बसली होती. समोर पावाच्या दोन जाड चकत्या, उकडलेलं अंडं, कॉफीचा पांढरा कप. तिने सुरीने लोणी उचललं आणि पावावर पसरायला सुरुवात केली. घाईने मध्यात फासून नव्हे, तर थेट कडेपर्यंत, एकही कोपरा कोरडा न ठेवता. चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा पुसणारा तो हात त्याच्या ओळखीचा होता. सव्वीस वर्षं शेजारी झोपलेल्या माणसाला तो हातावरून ओळखत होता, चेहऱ्यावरून नाही, कारण हा चेहरा त्याने कधी पाहिलेलाच नव्हता. तिने घास घेतला. डोळे मिटले. कपाळावरची ती कायमची आठी, जी तो तिच्या नाकाडोळ्यांइतकीच जन्मजात समजत आला होता, ती विरघळली. मग कपाकडे हात गेला, कप ओठाला लागण्याआधी नाकाशी थांबला, थोडा वेळ तिथेच राहिला, आणि कशाला तरी हळूच ‘हो’ म्हटल्यासारखी तिची मान हलली.

“साहेब, बरोबर आहे ना?” काट्याच्या पलीकडून कॉफीवालीने विचारलं.

“आहे,” तो म्हणाला. घसा शिवल्यापासून त्याचा आवाज सुक्या पानावर पाय पडल्यासारखा येई; तोही आज अर्धाच आला. त्याने शिक्का मारला. तो वाकडा बसला. एकोणीस वर्षांच्या नोकरीत पहिला वाकडा शिक्का. पेटी मिटली, वहीवर कॉफीवालीची सही घेतली आणि पाठमोरा होऊन, जणू काही त्यानेच चोरी केली आहे आणि बायको पकडायला येईल, अशा चालीने रस्त्यावर आला. तीन चौक ओलांडल्यावर त्याला कळलं की दोनशे ग्रॅमचं वजन तिथल्याच पारड्यात राहिलं आहे.

वजनमापे तपासनिसाने प्रमाण वजन विसरणं म्हणजे शिपायाने बंदूक विसरण्यासारखं. तरी तो मागे फिरला नाही. बागेच्या कुंपणाला टेकून उभा राहिला आणि शर्टाखाली, पोटाला चिकटपट्टीने बसवलेली नळी चाचपत राहिला. अकरा महिने झाले होते. गळ्यातली गाठ काढली, मग किरणांचे डाग दिले, आणि या सगळ्यात गिळण्याची जी काही कळ माणसाच्या घशात असते ती कायमची बिघडली. पाण्याचा थेंबही आता फुप्फुसात जायचा. दिवसातून चार वेळा, सकाळी सात आणि अकरा, दुपारी तीन आणि संध्याकाळी सात, तो मोठ्या पिचकारीने पांढरं, दुधासारखं पण दूध नसलेलं पातळ काहीतरी नळीतून पोटात सोडायचा. कचेरीत त्यासाठी जुन्या दप्तरांच्या खोलीत एक खुर्ची ठेवली होती. पोट भरायचं. भरल्याचं कळायचंही, पण कसं, तर बादली भरल्याचं नळाला कळावं तसं. जेवणाच्या सुट्टीत तो खोलीत आला की सहकाऱ्यांचे आवाज खाली यायचे, डब्यांची झाकणं हलक्या हाताने लागायची, कुणीतरी तोंडातला घास न चावता तसाच गालात धरून ‘काय मग, बरं आहे ना?’ विचारायचं. चोरून खाणारी माणसं त्याच्या अंगवळणी पडली होती. पण बायको? बायको तर खातच नाही, असं तो धरून चालला होता.

तो इस्पितळातून घरी आला त्या दिवशी स्वयंपाकघराला फक्त साबणाचा वास होता. तिने बरण्या धुऊन उपड्या घातल्या होत्या. मसाल्यांचा डबा, लोखंडी तवा, तिचं ते हाताने फिरवायचं कॉफीचं यंत्र, सगळं बहिणीकडे पाठवून दिलं होतं. मेहुणी फोनवर म्हणाली होती, “अहो भावजी, रडत रडत दिलं हो तिनं ते यंत्र, जसं काही माहेरी पोरगी पाठवतेय.” तेव्हा त्याला ते जरा अतीच वाटलं होतं. शेगडी आता नळी धुवायचं पाणी उकळण्यापुरती पेटायची. “तू काय खातेस?” त्याने सुरुवातीला विचारलं होतं. “मला कुठे काय लागतं हो. दुकानातच खाते उभ्या उभ्या काहीतरी,” चष्म्याच्या दुकानातून आलेली बायको चपला काढता काढता म्हणाली होती, आणि त्याने मान हलवली होती. मानायला सोपं होतं ते. एकाने सोडलं म्हणून दुसऱ्यानेही सोडलं. त्यात एक प्रकारचा समसमान न्याय होता, दोन्ही पारडी एका रेषेत. आयुष्यभर वजनं तपासणाऱ्या या गृहस्थाला अकरा महिन्यांत एवढंही दिसलं नाही की काही न खाणारी बायको तोळाभरही उतरलेली नाही!

आणि खरं तर न खाण्याची विद्या त्याची स्वतःचीच होती. नोकरीच्या पहिल्या दिवशी साहेबाने सांगितलं होतं, “दुकानात पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. आज पाणी, उद्या चहा, परवा पोतं.” त्याने ते अक्षरशः पाळलं. मिठाईवाले तबकं पुढे करायचे, बेकरीवाला भट्टीतून नुकताच काढलेला पाव कागदात गुंडाळून म्हणायचा, निदान हात तरी शेकून घ्या साहेब. हा हात मागे बांधून उभा. त्या नकाराची त्याला हळूहळू चटक लागली. बाकीचे जिभेचे गुलाम, आपण नाही. ही ऐट घेऊनच तो घरी जेवायला बसायचा. पुढ्यात वर्तमानपत्र उघडलेलं, हात ताटात चाचपडणारा, घास तोंडात गेला की गेला. मीठ जास्त झालं तरी बोलायचा नाही, कमी झालं तरी नाही. लोक बायकोला म्हणत, भाग्यवान आहेस बाई, नवरा कधी नाव म्हणून ठेवत नाही जेवणाला. ती हसायची. घरीही तो तपासनिसासारखाच जेवला. काही न घेतल्यासारखा.

लग्नाच्या पहिल्या वर्षी, अजून पडदे लागायचे होते तेव्हा, ती एकदा कुठूनशी कॉफीच्या बियांची कागदी पिशवी घेऊन आली होती. खत-फवारे न मारता, झाडांच्या सावलीत पिकवलेली. नेहमीच्या कॉफीच्या दुप्पट महाग. मांडीत यंत्र धरून ती दळत बसली, पाय पसरून, जिभेचं टोक दातांत धरून, आणि म्हणाली, “इकडे या ना. नुसता वास घ्या आधी.” तो बुटाच्या नाड्या बांधत होता. “कॉफी ती कॉफी. गरम असली म्हणजे झालं,” तो म्हणाला, आणि कप चार घोटांत संपवून निघून गेला. ती त्या वेळी हसली होती, अगदी मनापासून, ‘काय बाई माणूस मिळालाय’ असं. पुढे ती पिशवी दर महिन्याला येत राहिली. त्याने कधीतरी ‘जिभेचे चोचले’ म्हटलं, कधी ‘काय फरक पडतो’ म्हटलं. पाचव्या-सहाव्या वर्षी केव्हातरी तिने ‘वास घ्या’ म्हणणं सोडलं. नेमकं केव्हा, ते त्याला सांगता आलं नसतं. थांबलेल्या गोष्टींची तारीख कुठे लिहिलेली नसते. पेअरची फोड करून ती त्याच्या वाचनाच्या मेजावर ठेवायची आणि तो वर न बघता म्हणायचा, ‘ठेव तिथे.’ ती फोड तपकिरी होत जायची. आता, बागेच्या कुंपणाशी, त्याला ती तपकिरी होत चाललेली फोड इतकी स्पष्ट दिसली की जबड्याच्या मागे कळ आली आणि तोंडात पाणी सुटलं. ते गिळता येत नव्हतं. त्याने खिशातून रुमाल काढला, इकडेतिकडे पाहिलं, आणि तोंड पुसल्यासारखं करून थुंकला.

संध्याकाळी ती सहाला आली. केस मोकळे, रुमालाचा पत्ता नाही. तो दाराशीच उभा होता. ती जवळून गेली तेव्हा त्याने श्वास ओढून घेतला. गळा गेला तरी नाक शाबूत होतं. साबण. फक्त साबण, कोपरापर्यंत.

“दुपारी जेवलीस का?”

“हो. असंच काहीतरी,” ती म्हणाली. आठी जागेवर होती.

बायको खोटं बोलली आणि आपल्याला राग आला नाही, याचं त्याला नवल वाटलं. राग नव्हता, पण काहीतरी होतं, पोटाच्या खूप वर, जिथे नळी पोचत नाही तिथे. दुसऱ्या पुरुषाबरोबर तिला पाहिलं असतं तर असंच वाटलं असतं का? दुसरा पुरुष परवडला, त्याचे नाक-डोळे तरी बघता आले असते. इथे पाव होता, लोणी होतं, एक कप होता. आणि तिचा तो मिटल्या डोळ्यांचा चेहरा, जो सव्वीस वर्षं रोज दोनदा त्याच्यासमोर हातभर अंतरावर असला पाहिजे. मधे वर्तमानपत्र होतं एवढंच.

वजन आणायच्या निमित्ताने तो दुसऱ्या दिवशी साडेबाराला दुकानात गेला. कॉफीवालीने ते फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं. बाई पन्नाशीची, ठेंगणी, बाह्या वर केलेली, हातांचे तळवे बिया चाळून चाळून काळपट झालेले. “माझा काटा तपासायला आलात आणि तुमचंच वजन टाकून गेलात,” ती म्हणाली. “आता पावती तुम्ही लिहून द्या मला.”

तो हसला नाही, पण गेलाही नाही. मागे बिया भाजायचं पिंप संथ फिरत होतं आणि आत बिया तडतडत होत्या. वास आला. तो वास त्याने पूर्वी हजारदा हुंगला असणार, आणि एकदाही घेतला नव्हता. आधी जळक्या लाकडासारखा, मग त्याच्या आतून भाजल्या पावाचा, मग अगदी तळाशी कुठल्यातरी फळाचा, आंबटसर. तो उभा राहिला. विचारायचं म्हणून त्याने विचारलं, “पाटीवर ‘सेंद्रिय’ लिहिलंय. कशावरून?”

“कशावरून म्हणजे? तुमच्यासारखाच एक येतो की नणंदेच्या मळ्यावर. माती कागदात बांधून नेतो, पानं नेतो, कुणी काही खायला दिलं तर नको म्हणतो.” ती चाळणी हलवत राहिली. “नणंद माझी वेडी आहे. शेजारचे झाडं तोडून उन्हात लावतात, फवारतात, दुप्पट पीक काढतात. ही सावलीत ठेवते. फळ पिकायला वेळ लागतो, मग लाल झालेलं तेवढंच हाताने तोडायचं, हिरवं परत आठ दिवसांनी. पाखरं खातात ती वेगळीच. पण घोट घेतलात की कळतं. देऊ का एक कप? काटा पास झालाय, आता लाच नाही व्हायची.”

“मी काही घेत नाही,” तो म्हणाला. हे वाक्य तो एकोणीस वर्षं म्हणत आला होता. आज ते तोंडातून बाहेर पडताना त्याला पहिल्यांदा ऐकू आलं.

एकला पाच मिनिटं असताना तो बाहेर पडला आणि समोरच्या बसथांब्यावर जाऊन उभा राहिला. बायको आली. दारातच पिशवीतून रुमाल काढून तिने केस बांधले, आरशात बघावं तसं काचेत बघून. त्या दिवशी सूप होतं. वाफेमुळे तिचा चेहरा नीट दिसत नव्हता. पुढच्या दिवशी टोमॅटो होते, नुसते चिरलेले, वर मीठ. एवढ्याशा गोष्टीला तिने अर्धा तास लावला. पुढच्या दिवशी परत पाव आणि अंडं. बसमागून बस जात होत्या, चालक त्याच्याकडे बघून दार उघडत होते, तो मान हलवत होता. त्याला मेजवान्या आठवत नव्हत्या. आठवत होत्या त्या कधी लक्ष न दिलेल्या गोष्टी, आणि त्याही अर्ध्यामुर्ध्या: जीभ पोळणारा पहिला घोट, पावाची करपलेली कड दाढेखाली मोडल्याचा आवाज, तापात तिने भरवलेल्या पेजेतला एक मिठाचा खडा. आणि एक जागा होती, जिथे तो रोज जाऊन रिकाम्या हाताने परत यायचा. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी तो घरी जेवला होता. तोंडाने घेतलेलं शेवटचं जेवण. तिने काहीतरी केलं होतं, नक्कीच केलं होतं, आणि त्याने ते खाल्लं होतं. काय होतं ते? त्याला मेज आठवत होतं, खिडकीतलं ऊन आठवत होतं, भरायच्या फॉर्मवरचे रकाने आठवत होते. ताटात काही नव्हतं. ताटाच्या जागी नुसता पांढरा गोल.

पाचव्या दिवशी कॉफीवाली हातातलं फडकं खांद्यावर टाकून रस्ता ओलांडून थेट त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. दोन वाजून गेले होते, बायको निघून गेली होती.

“साहेब, काटा तपासून झाला, वजन नेलंत. आता काय बाकी आहे? माझ्या गिऱ्हाइकाकडे बघत असता तुम्ही. त्या चष्मेवाल्या बाईंकडे. मी पोलिसांत जाईन हं.”

“ती माझी बायको आहे,” तो म्हणाला.

कॉफीवालीने त्याच्या गळ्यावरच्या शिवणीकडे पाहिलं, मग शर्टावरून पोटाकडे. तिने फडकं खांद्यावरून काढून हातात घेतलं. “म्हणजे ते तुम्ही,” ती म्हणाली. “रोज निघताना मागच्या मोरीत जाते. कोपरापर्यंत हात धुते, चूळ भरते, परत धुते. मी म्हटलं, अहो बाई, कॉफीचा वास म्हणजे काय दारूचा आहे का? तर म्हणाली, घरी आजारी माणूस आहे, त्याला लागायला नको. रुमाल पण त्यासाठीच, केसांत वास राहतो ना. सोमवारी घास घेता घेता रडली होती. मी विचारलं, अंडं शिळं निघालं का? म्हणाली, नाही, फार छान झालंय.”

एक बस आली, दार उघडलं, मिटलं, गेली.

“पाव किलो द्या,” तो म्हणाला. “दळून.”

“बारीक की जाड?”

त्याला माहीत नव्हतं. “तिला लागते तशी,” तो म्हणाला.

ती घरी आली तेव्हा पुडी मेजावर होती, आणि पुडी बंद असूनही खोलीभर वास होता. ती दारातच थांबली. एक चप्पल काढलेली, एक पायात. त्याने तिच्या चेहऱ्यावर भीती पाहिली, खरीखुरी, पोराला पकडल्यावर दिसते तशी, आणि त्याला वाटलं हे आपण करायला नको होतं.

“हे कुठून आणलंत?”

“तू जिथे जेवतेस तिथून.”

ती एका चपलेनिशी खुर्चीवर बसली. “केव्हापासून माहितीये तुम्हाला?”

“पाच दिवस.”

“पाच दिवस पाळत ठेवलीत माझ्यावर?”

“पाळत नाही. बघत होतो.”

“त्यात फरक काय?”

ती पुडीकडे बघत होती, त्याच्याकडे नाही, आणि तिचा आवाज चढला तो एकदम, दूध उतू जावं तसा. “मला भूक लागते हो! काय करू? लागते मला भूक. डॉक्टर म्हणाले ना नळी आता कायमची समजा, तुम्ही आत झोपला होतात, मी खोलीबाहेर आले आणि काय केलं माहितीये पहिल्यांदा? खालच्या उपाहारगृहात जाऊन सूप प्यायले. गरम सूप. दोन वाट्या. आणि ते चांगलं लागलं! त्या दिवशीसुद्धा चांगलं लागलं. बाई आहे की कोण आहे मी?” तिने पदराने तोंड पुसलं नाही, नाक ओढलं आणि बोलत राहिली. “तुमचं काय, तुम्हाला कधी कशाचं काही वाटलंच नाही. तुमचं गेलं ते गेलं. मला वाटलं, या माणसाचं तरी बरं आहे, याला कशाची आठवण येत नसेल. आणि मी, जिला येते, ती खातेय. हे उलटं व्हायला हवं होतं. मला नळी लागायला हवी होती, तुम्हाला फरकसुद्धा पडला नसता आणि मी मात्र—” ती थांबली. आपण काय बोललो हे तिला ऐकू आलं.

त्याला पुष्कळ सांगायचं होतं. बसथांबा, टोमॅटो, तपकिरी झालेली पेअरची फोड. यातलं काहीच आलं नाही. आलं ते भलतंच.

“ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी काय खाल्लं होतं?”

तिने मान वर केली.

“मला आठवत नाही,” तो म्हणाला. “अकरा महिने आठवतोय. येत नाही.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. राग चेहऱ्यावर तसाच होता, पण त्याच्या आत कुठेतरी ती उठून त्या दिवशीच्या स्वयंपाकघरात गेली होती. “मासा केला होता,” ती म्हणाली. “लोण्यावर. वर लिंबू. आणि बटाटे, जाड चकत्या, तव्यावर खूप वेळ ठेवलेले. मिरपूड हातानेच कुटली होती, ती पूड नव्हती वापरली. पेअर होतं, पण ते तुम्ही खाल्लं नाहीत.” ती थांबली. “तुम्ही फॉर्म भरत जेवलात. झाल्यावर ताट ठेवायला आत आलात आणि शेगडीपाशी उभे राहिलात. तव्याला बटाट्याची खरपूड लागली होती. उलथनं घेऊन ती खरवडलीत तुम्ही. सगळी. उभ्या उभ्याच, बोटांनी खाल्लीत. मी मागे होते. म्हटलं, आता बोलतील काहीतरी.”

“बोललो?”

“म्हणालात, इस्पितळाची फाईल कुठे ठेवलीस.”

हसू आधी कुणाला आलं ते कळलं नाही. त्याचं हसू म्हणजे नुसती हवा, शिट्टीसारखी. ते ऐकून तिला अजून आलं, आणि मग ते हसणं दोघांच्याही हातून निसटून दुसरंच काहीतरी झालं. ती एका चपलेनिशी तशीच बसून रडत होती आणि तो तिच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. त्याने डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. मासा नाही. लिंबू नाही. मिरपूडही नाही. फक्त लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला, खर्र, खर्र, आणि बोटांच्या टोकांना काहीतरी गरम लागलं. एवढंच. पण पांढऱ्या गोलात निदान तेवढं तरी होतं आता.

“घरी जेवत जा,” तो म्हणाला.

“नाही जमायचं.”

“मी समोर बसतो.”

“त्यानेच तर नाही जमायचं!”

सुट्टीच्या दिवशी तिने करून पाहिलं. त्याने हट्टच धरला. तिने कांदा परतला, सवयीने खिडकी उघडली, त्याने ती लावून घेतली. ताट वाढून ती बसली, तो समोर बसला, हात मेजावर जोडून, मुलाखतीला आल्यासारखा. तिने चमचा उचलला आणि ठेवला. परत उचलला. “असे बघू नका हो,” ती म्हणाली. त्याने खाली बघितलं. “असे खाली पण बघू नका.” शेवटी ताटावर झाकण घालून ती उठली आणि मोरीत जाऊन रिकामे हात धूत राहिली. तो आतल्या खोलीत जाऊन बसला. तीन वाजता त्याने पिचकारी भरली. पलीकडून झाकण सरकल्याचा आवाज आला, मग चमच्याचा, अगदी हलका, भांड्याला लागू नये म्हणून जपलेला. त्याने पिचकारी तशीच धरून ठेवली आणि तो चमचा थांबेपर्यंत ऐकत राहिला.

नंतरच्या आठवड्यातही तिने त्या दुकानात जाणं सोडलं नाही. रुमाल मात्र ती विसरून जाऊ लागली. संध्याकाळी ती जवळून गेली की तिच्या केसांतून काय काय यायचं. एकदा तो म्हणाला, “आज अंडं नव्हतं.” ती दचकली, मग म्हणाली, “नव्हतं. चीज होतं.” त्या दिवशी एवढंच. दुसऱ्या दिवशी तिने दारातूनच विचारलं, “सांगा बघू?” त्याने हुंगलं. “कांदा. आणि... आंबट काहीतरी.” “व्हिनेगर,” ती म्हणाली आणि आत गेली. तिच्या पाठीवरून त्याला कळलं की ती हसते आहे. त्यालाही बरं वाटलं, आणि त्याच क्षणी इतकं वाईट वाटलं की तो भिंतीला टेकला. हे असंच राहणार होतं. सावरेल, जुनं होईल, वगैरे लोक म्हणतात तसं काही होणार नव्हतं. त्याला कॉफी हवी होती, एक घोट, पोळणारा, आणि तो त्याला या जन्मी मिळायचा नव्हता. सव्वीस वर्षं ती रोज सकाळी कप हातात देत होती.

महिना सरता सरता, पुन्हा एका सुट्टीच्या दुपारी, ती बाजारातून आली ती टोमॅटो, पाव आणि बटाटे घेऊन. बटाटे परतताना तिने खिडकीला हात लावला नाही. वास आला, दाट, लोणकढा, भिंतींना धरून राहणारा. त्याचं तोंड पाण्याने भरलं. त्याने रुमालात थुंकलं, उघडपणे, तिच्यासमोर. ती बघत होती. तिने नजर वळवली नाही.

“त्रास होतोय,” ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

“होतोय. जेव.”

तिने ताट घेतलं आणि समोर बसली. बटाट्याची चकती काट्याला टोचली. तिने ती तोंडात घातली, तो तिच्याकडे बघत राहिला, आणि तिने पहिल्यांदा त्याच्यासमोर डोळे मिटले. जबडा हळू हलत होता. कानशिलापाशी एक शीर उचलत होती, बसत होती. दाढेखाली कुरकुरीत कड मोडल्याचं त्याला ऐकू आलं. त्याच्या जबड्यात ती कळ परत आली, वर कानापर्यंत चढली, आणि त्याला उठून आतल्या खोलीत जावंसं वाटलं. त्याने मेजाची कड धरली आणि पुढे वाकला.

“कसं लागतंय?” त्याने विचारलं. सव्वीस वर्षांत हा प्रश्न त्या मेजावर त्याने कधी विचारला नव्हता, आणि विचारताना त्याचा आवाज इतका फाटका आला की तिला ऐकू गेला की नाही, त्याला कळेना.

तिने डोळे उघडले. त्याच्याकडे बघून तिने हात वर केला, जरा दटावल्यासारखा.

“थांबा हो,” ती म्हणाली. “तोंडात घास आहे माझ्या.”

तो थांबला.